आष्टीमार्गे पृथ्वीवर

आमच्या घरातला चहा बंद पडला तो अवकाशात एक चादर उसवली म्हणून. हे वाक्य मी आजवर अनेकांना ऐकवलं आहे आणि प्रत्येकानं माझ्याकडे ‘हिला ऊन बाधलं’ अशाच नजरेनं पाहिलं आहे. म्हणून आता पहिल्यापासून सांगते.

पुलगावात आमचं कृषी केंद्र. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. सासरे मी लग्न होऊन येण्याआधीच गेले होते आणि दुकानाच्या गादीवर सासूबाई बसायच्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पदर कमरेला खोचलेला, आणि समोरच्यानं तोंड उघडण्याआधीच त्याला काय पाहिजे ते ठरवून मोकळ्या. शेतकरी त्यांना काकू म्हणत आणि वचकून असत. आमचे हे चांगले बीएस्सी झालेले, पण काकूंचा मुलगा एवढीच त्यांची गावात ओळख, आणि पोती उचलणं हे त्यांचं मुख्य काम.

माझं आणि सासूबाईंचं कशावरच पटायचं नाही. मी वर्ध्याची, म्हणजे त्यांच्या लेखी शहरातली, म्हणजे कामाला कच्ची. वरणात गूळ किती, धुणं कुठं वाळत घालायचं, पाहुण्याला थांबा म्हणायचं की नाही, सगळ्यावर आमची जुंपायची. युद्धबंदी फक्त पहाटेच्या चहाला. तो चहा त्या स्वतः करायच्या. आलं ठेचून, पातेल्यावर नजर ठेवून, दूध अगदी वर येईपर्यंत. मग आम्ही दोघी मागच्या दारच्या पायरीवर बसायचो आणि त्या मला ‘सूनबाई’ऐवजी ‘पोरी’ म्हणायच्या. या घरातलं मला जे काही समजलं ते त्या पायरीवर समजलं. कप खाली ठेवले की पुन्हा सूनबाई आणि पुन्हा वरणातला गूळ.

तर त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सालानंतरच्या कुठल्याशा जूनमध्ये, मृग लागून गेला तरी पाण्याचा पत्ता नव्हता. पाणी पडल्याशिवाय बियाण्याच्या पिशवीला कोण हात लावतो? दुकान रिकामं. गादीशेजारच्या छोट्या टीव्हीवर सासूबाई बातम्या बघत बसायच्या, खरं तर हवामानासाठी. पण त्या आठवड्यात हवामानाच्या आधी रोज एक अवकाशयान दाखवत. माणसं घेऊन ते वर निघालं होतं. तिथं पृथ्वीभोवती फिरणारं एक स्थानक होतं. तिथं काही जण महिनोन्महिने राहत होते आणि त्यांच्यातल्या एका बाईची तिथली मुदत संपली होती. यान तिच्या जागी दुसऱ्याला सोडून तिला घरी आणणार होतं.

सासूबाईंना आधी स्थानकच मंजूर नव्हतं. स्टेशन कसं जागच्या जागी पाहिजे, पुलगावच्या स्टेशनासारखं. गाड्या येतील, जातील, स्टेशन तिथंच. हे कसलं स्टेशन जे गाडीपेक्षा जोरात धावते? आमच्या ह्यांना आयुष्यात पहिल्यांदाच बीएस्सीचा उपयोग सापडला. त्यांनी एका हातात कीटकनाशकाची बाटली धरली, दुसऱ्यात रिकामा डबा, आणि दोन्ही हात गोल गोल फिरवत, दोन धावत्या वस्तू एकमेकींना धक्का न लावता कशा जोडतात ते करून दाखवलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं आणि बाटली सांडेल म्हणून काढून घेतली.

पण त्या बघायला लागल्या. स्थानकाजवळ पोचल्यावर यानानं अधांतरी सावकाश कोलांटी मारली, आतल्या लोकांना त्याच्या पोटाचे फोटो काढता यावेत म्हणून. ते त्यांना फार आवडलं. बैलबाजारात माणूस बैल असाच चहूबाजूंनी पाहतो, खालून वाकूनही पाहतो, म्हणाल्या, शहाणे लोक दिसतात. मग ती बाई दिसली. नळीसारख्या खोलीत तरंगत होती आणि तिचे लांब केस डोक्याभोवती चारी दिशांना उभे होते.

“हिची वेनी काऊन नाई घातली कोनं?” सासूबाईंनी विचारलं.

तिथं वजन नसतं, केस खाली पडत नाहीत, असं ह्यांनी समजावलं. वजन नसलं तरी रिबिन असते ना, असं उत्तर आलं. त्या दिवसापासून ती बाई आमच्या घरात ‘ते पोरगी’ झाली. खरं नाव टीव्हीवाले रोज सांगत, पण सासूबाईंच्या लेखी परकं नाव म्हणजे कानावरून गेलेला वारा.

आणि मग ती चादर. यानाच्या पाठीवर ताप अडवणारं जाड अस्तर असतं, ते एका कोपऱ्यात उसवून वर आलं होतं. टीव्हीवर ते मोठं करून करून दाखवलं. सासूबाई दर उन्हाळ्यात गोधड्या शिवायच्या. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि टाके लांब पडले असा निकाल दिला. यानातला एक जण बाहेर, त्या पोकळीत, जाऊन ते टाचणार आहे हे ऐकल्यावर मात्र त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्याच बातमीत एक म्हातारी दाखवली. त्या पोरीची आई. परदेशातल्या कुठल्याशा घराच्या ओट्यावर बसलेली. काय बोलली ते आम्हाला कळलं नाही, पण बोलता बोलता तिनं दोनदा वर पाहिलं, मांडवावरचा दोडका तोडायला पाहावं तसं, सहज.

त्या संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना सासूबाईंनी केळझरच्या गणपतीला नवस बोलला. ही पोरगी मायच्या घरी सुखरूप पोचेपर्यंत आपण चहा पिणार नाही.

मी हबकले. म्हटलं, आई, भात सोडा, गोड सोडा, पायातल्या चपला सोडा. चहा कशाला?

“देवाले आपल्याले नको असलेली वस्तू देऊन काय फायदा?” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून घराची कळा गेली. सासूबाईंचं डोकं दुखायला लागलं ते थांबेना. ज्या बाईचा बिनदुखत्या डोक्याचा स्वभाव तुम्हाला सांगितला, तिचा दुखऱ्या डोक्याचा स्वभाव तुम्हीच समजून घ्या. त्यांच्यासमोर आम्ही चहा प्यायचा म्हणजे निर्लज्जपणाच, म्हणून तोही बंद. आमचे हे खताची गाडी आली का पाहून येतो म्हणून स्टँडवरच्या टपरीवर जायचे. मी शेजारी विरजण मागायला जायची. आमच्या घरी त्या काळात इतकं विरजण जमा झालं की रोज कढी व्हायची. चोरून प्यायलेल्या चहाला एक वेगळीच चव असते, खोटं कशाला बोलू.

पण पहाट कठीण जायची. आम्ही सवयीनं पायरीवर बसायचो, दोघींच्या हातात कोमट पाणी, आणि बोलायला काही सुचत नसे. पोरी नाही, काही नाही. दोन दिवसांनी त्यांनी मला कोमट पाण्याचा पेला हातात देत “सूनबाई, पायरी झाडली नाई,” असं सांगितलं तेव्हा माझे डोळे भरून आले. मला चहाची नाही, त्या चहासोबत येणाऱ्या बाईची आठवण यायची, आणि ती तर समोरच बसलेली होती. असं होतं खरं. त्यामुळे त्या यानात काय चाललं आहे याची काळजी त्याच्या शास्त्रज्ञांनंतर कुणाला असेल तर ती मला होती.

चादर टाचली गेली. कागद टाचायच्या यंत्रासारख्याच कसल्याशा यंत्रानं टाचली म्हणे. सासूबाईंनी, टाचण म्हणजे काही शिवण नव्हे, पण वेळ भागली, असं मत दिलं. मग स्थानकातली यंत्रं मध्येच बंद पडली, तीही सुरू झाली. यान सुटलं, परतीला लागलं. उतरायचा दिवस उजाडला. मी आलं आणून ठेवलं, चांगलं जाड, रेषा नसलेलं. आणि टीव्हीवर सांगितलं की उतरायच्या जागी ढग आले आहेत, पावसाची चिन्हं आहेत, म्हणून आज नाही.

“आता एका पान्यानं इमान थांबते?” सासूबाईंनी विचारलं. ह्यांनी समजावलं की यानाला परत वर जाता येत नाही, एकदाच काय ते उतरायचं असतं, म्हणून आभाळ मोकळं लागतं. दुसऱ्या दिवशीही तेच. ढग. पोरगी वर, पृथ्वीभोवती घिरट्या घालत. तिला तिचं गाव खिडकीतून दिवसातून कितीदा तरी दिसत असेल, हे बोलून जायचा मूर्खपणा आमच्या ह्यांनी केला. सासूबाईंचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी गादीवर बसल्या बसल्या दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि भर दुकानात मोठ्यानं म्हणाल्या, “देवा, पानी थांबव.”

नेमका त्या वेळी आमचा एक जुना गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत होता. म्हातारा, कपाशीवाला, दर हंगामाला पहिलं बियाणं आमच्याकडून नेणारा. तो सोयाबीनची चौकशी करायला आला होता. त्यानं ते ऐकलं, चढवलेला पाय हळूच खाली घेतला आणि आला तसा निघून गेला.

आता आमच्याकडे एक समजूत आहे. पाणी लांबलं की ते कुणीतरी बांधून ठेवलेलं असतं. बहुतेक वेळा संशय वीटभट्टीवाल्यावर येतो, कारण कच्च्या विटांना पाऊस परवडत नाही. पण बियाणं विकणारीनं पाणी बांधायचं म्हणजे हलवायानं साखरेवर बंदी घालण्यासारखं. लोकांना कारण सापडेना, पण लोक कारणासाठी थांबत नाहीत. पुलगावात बातमी पसरायला चहाच्या दोन वेळा पुरतात. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं की बियाणंवाल्या काकूनं पाणी बांधलं आहे, त्यासाठी चहासुद्धा सोडला आहे, आणि घरात रोज कढी करते ती त्यातलाच काही प्रकार आहे.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोरून माणसं जात आणि समोरच्या दुकानात शिरत. पाणी पडलं नव्हतं, तरी मुद्दाम शिरत. आमच्या ह्यांनी रस्त्यावर उभं राहून दोघा-तिघांना विज्ञान सांगितलं. आईला इथलं पाणी नको असं नाही, वर काही लोक अडकले आहेत, त्यांच्यासाठी ढग नको आहेत. त्यातलं लोकांनी सोयीचं तेवढं उचललं. म्हणजे नको आहेत! खुद्द मुलगाच सांगतो! मी त्यांना हाताला धरून आत आणलं.

सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. याच माणसांबरोबर त्यांनी पंचवीस-तीस हंगाम काढले होते. नवरा गेल्यावर दुकान मोडून टाका म्हणणारे नातेवाईक होते आणि गादीवर बसा काकू म्हणणारे हे लोक होते. पाठ ताठ करून त्या दिवसभर रिकाम्या दुकानात बसून राहिल्या. मला सासूबाईंचा फार राग आला आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

त्याच दिवशी, ऊन कलताना, धोंडी आली. पाणी लांबलं की एकाला कडुनिंबाच्या डहाळ्या गुंडाळून गावभर फिरवतात, पावसाचं मागणं गात दारोदार जातात. घरच्या बाईनं त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायचं. ओतलं म्हणजे तिनंही पाऊस मागितला. एरवी हे काम पोरांचं, पण गोष्ट या थराला गेल्यामुळे गावानं मोठ्या माणसाला धोंडी केलं होतं, आणि तो दुसरा कुणी नाही, तोच कपाशीवाला म्हातारा होता. कमरेपासून डोक्यापर्यंत कडुनिंब, त्यातून बाहेर आलेलं त्याचं नाक, आणि मागं पन्नासेक माणसं. सगळ्यांना माहीत होतं की धोंडी इतर घरांना उगाच जाऊन आली आहे. तिला यायचं होतं ते इथंच.

सासूबाई तांब्या भरून घेऊन बाहेर आल्या आणि पायरीवर थांबल्या. पाणी ओतावं तर पोरीवर ढग. न ओतावं तर गावाचा संशय खरा. त्यांनी तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“टाका ना काकू,” पानांतून आवाज आला. रागाचा नव्हता, काकुळतीचा होता.

“टाकते. पन आंधी आयका,” सासूबाई म्हणाल्या. “म्या पान्याले कधी नाई म्हटलं नाई, भाऊ. पन मले पानी मालूम हाय. लगन झाल्यावर पयल्यांदा माहेरी चालली होती मी, आष्टीले. इथून आर्वीवरी छोट्या आगीनगाडीनं गेली, तिथून पुढं मोटारीनं. आष्टीच्या अलीकडं नाला. नाल्याले पूर. मोटार उभी राह्यली. पल्याड माहा बाप बंडी घेऊन उभा. मले दिसे तो. टोपी दिसे. बैलाची शिंगं दिसत. बोलून राह्यला होता काई तरी, पन पान्याच्या पुढं आवाज येत नोता. दिवसभर तो तिकडं, मी इकडं. मंग मोटारवाल्यानं गाडी वापस फिरवली. त्याच हिवाळ्यात बाप गेला. तवापासून मी पान्याले काईच म्हटलं नाई. पन आपलं घर समोर दिसते आन उतरता येत नाई, ते कसं असते ते कोनी मले इचारा. ते पोरगी तिथं वर तशीच अडकून हाय. म्हनून हात जोडले. तुमच्या वावरासाठी नाई जोडले.”

लग्नाला दहा वर्षं होऊन मला हे माहीत नव्हतं. पायरीवरच्या इतक्या चहांमध्ये त्या हे कधी बोलल्या नव्हत्या. माहेरी त्या वडिलांच्या तेराव्याला गेल्या होत्या, ते शेवटचं. मग कधी नाही. दर भाऊबीजेला भाऊच इकडे यायचा. आपली वाट पाहत कुणी उभं नसतं ते कसलं माहेर, एवढंच त्या एकदा म्हणाल्या होत्या आणि मला वाटलं होतं, भावजयीशी बिनसलं असेल.

म्हाताऱ्यानं तोंडावरच्या डहाळ्या बाजूला केल्या. थोडा विचार केला. मग व्यवहाराला पक्का माणूस जसं बोलेल तसं तो बोलला. म्हणाला, काकू, तुमी पत्ता सांगून टाका. देवाले समजते.

हा तोडगा सगळ्यांना एकदम पटला. सासूबाईंनी तांब्या उचलला, आभाळाकडे पाहिलं आणि ट्रकवाल्याला सांगावं तसं खणखणीत सांगितलं की पाणी पाहिजे ते पुलगावला, तालुका देवळी, जिल्हा वर्धा, आणि आसपासच्या सगळ्या शिवारात. तिकडं, जिथं ते यान उतरायचं आहे तिथं, दोन दिवस उघाड पाहिजे. मग पूर्ण तांब्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर रिकामा केला. तो शहारला, लोक हसले, आणि मागच्या कुणीतरी विचारलं की काकू, त्या पोरीचे मंग काय हालहवाल. सासूबाईंनी मला धोंडीला द्यायला पायली भरून ज्वारी आणायला सांगितली आणि त्या पोरीची वेणी कुणीच घालत नाही इथपासून सुरुवात केली. अर्ध्या तासात सगळी धोंडी आमच्या टीव्हीसमोर होती. कडुनिंबाची पानं मी नंतर आठवडाभर खतांच्या पोत्यांमागून झाडत होते.

पाऊस आला का म्हणाल, तर आला, यथावकाश, आणि त्याचं श्रेय धोंडीनं घेतलं, पंचांगानं घेतलं, आमच्या ह्यांनी मान्सूनच्या वाऱ्यांना दिलं. देवाचं तिकडचं काम मात्र अर्धंच झालं. ठरलेल्या जागेवरचे ढग हटलेच नाहीत. शेवटी यान देशाच्या दुसऱ्या टोकाला, वाळवंटात उतरवलं. आम्हाला सकाळच्या बातम्यांत दिसलं. लांब धावपट्टीवर ते काळं-पांढरं धूड आलं, मागं मोठी छत्री उघडली, सावकाश थांबलं. सासूबाईंनी टीव्हीला हात जोडले. आता ते यान एका मोठ्या विमानाच्या पाठीवर बसवून घरी नेणार आहेत हे ऐकल्यावर त्यांना हसू आलं. पंचांगात मृगाला बेडकाचं वाहन असतं, हत्तीचं असतं, पण वाहनालाच वाहन असतं हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मी स्वयंपाकघरात धावले. आलं ठेचलं, दूध वर येईपर्यंत पातेल्यापासून हलले नाही, आणि कप आणून त्यांच्यासमोर ठेवला. माझा चहा त्या दिवशी खरंच चांगला जमला होता.

त्यांनी कप बाजूला सारला. “उतरली. घरी कुठं पोचली?”

नवस मायच्या घरी पोचण्याचा होता. तो वाळवंटात उतरून फिटत नव्हता. झालं. आता पोरगी घरी पोचल्याची बातमी येईपर्यंत थांबायचं. आणि ती बातमी येईना. तिला आधी डॉक्टरांकडे ठेवलं, चालायची सवय व्हायला म्हणे. मग टीव्हीवर क्रिकेट सुरू झालं, मग कुठं तरी निवडणूक लागली, आणि त्या पोरीचं नाव बातम्यांतून पार गेलं. यान उतरतं ते जगाला दाखवतात. बाई आईच्या दारात पोचते ते कोण दाखवणार? ह्यांनी एकदा, पोचली म्हणे, असं उडत उडत सांगून पाहिलं. कोनं सांगतलं, कोनत्या बातमीत, कपडे कोनते घातले होते, अशी उलटतपासणी झाली आणि हे खताची गाडी पाहायला निघून गेले.

मला कळून चुकलं की आता या घरात चहा नाही. कायमचा नाही. पहाटेचं कोमट पाणी आणि पायरी झाडली नाही एवढंच राहिलं. मग मी एक दिवस हट्टाला पेटले, सासूबाईंना एसटीत बसवलं आणि केळझरला नेलं. ज्या देवाकडे घोळ घातला आहे तिथंच तो निस्तरावा.

तिथले गुरुजी शांत माणूस. दोन पिढ्यांचे नवस ऐकून कान तयार झालेले. अवकाशयान ऐकूनही त्यांची भुवई हलली नाही. नवस कोणत्या शब्दांत बोलला ते त्यांनी सासूबाईंकडून दोनदा म्हणून घेतलं. पोरीचं नाव घेतलं होतं का, विचारलं. सासूबाई म्हणाल्या, नाव कुठं माहीत, ही पोरगी म्हटलं. गुरुजींनी मान डोलावली.

“कोनती पोरगी ते देवाले सांगतलंच नाई, तर मंग कोनतीही चालते,” ते म्हणाले. “तुमी कोनाची पोरगी हा का नाई?”

सासूबाईंनी गणपतीला नमस्कार केला आणि पिशवी उचलली. घरी आल्यावर दोन दिवस त्यांनी मला गुरुजींच्या अकलेबद्दल बरंच ऐकवलं. म्हातारपणी माहेरी जायचं म्हणजे थट्टाच, तिथं आता कोण बसलं आहे, भावाच्या घरी सुना आल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे त्या पायरीवर आल्या तेव्हा धुतलेलं लुगडं नेसून, पिशवी भरून आल्या होत्या.

आर्वीची छोटी गाडी केव्हाच बंद झाली होती. आम्ही एसटीनं निघालो. आर्वीला बस बदलली आणि त्यांनी हट्टानं खिडकीची जागा घेतली. आर्वी सोडल्यापासून त्यांनी बाहेरून नजर हलवली नाही. मी एक-दोनदा काही बोलायला गेले तर हातानंच थांब म्हणाल्या. मीही डोळे लावून बसले, नाला येणार म्हणून. शेतं गेली, संत्र्याचे बगीचे गेले, एक गाव गेलं, दुसरं गेलं. शेवटी राहवेना म्हणून त्यांनी कंडक्टरला विचारलं की आष्टीच्या अलीकडचा नाला कुठं आहे.

तो म्हणाला, मावशी, तो तर कवाच मागं गेला. आता पूल हाय ना.

त्यांनी वळून मागं पाहिलं. मागं माणसं होती, पिशव्या होत्या, खिडकीतून धूळ दिसत होती. त्या पुन्हा सरळ बसल्या.

“येवढासाच होता?” मला विचारलं त्यांनी. मला काय माहीत? मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

भाऊ स्टँडवर घ्यायला आला होता. साठी ओलांडलेला, बहिणीसारखाच नाकाच्या शेंड्यावर चष्मा. घरी पोचेपर्यंत दोघांनी रस्त्याबद्दल आणि पिकापाण्याबद्दलच बोलणं केलं. भावजयीनं पाय धुवायला पाणी दिलं, चहा आणून ठेवला. सासूबाई कपाकडे बघत बसल्या. चहावर साय धरली. भावानं विचारलं की काऊन, चाय नाई पेत आता? मग मी त्याला सगळं सांगितलं, यान, पोरगी, नवस, धोंडी, आणि नाल्यावरची ती गोष्टही. ती सांगताना मला वाटलं सासूबाई रागावतील, पण त्या ऐकत होत्या.

भावानं चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाला, “मी होतो ना बंडीत. लहान होतो, बापानं खाली नाई उतरू देल्लं. दिवसभर एकच वरडून राह्यला होता. मोटारवाल्याले म्हने, माह्या पोरीनं सकाळपासून काई घेतलं नसन, तिले कोनी चाय पाजा रे.”

सासूबाईंनी कप उचलला. चहा पार थंड झाला होता. मी गरम करून आणते म्हटलं तर ऐकलं नाही.

“पेते ना, बाबा,” त्या म्हणाल्या, आणि सायीसकट सगळा प्यायल्या.